कोयनेची काशेर खानावळ

माझ्या धाकट्या बहिणीला दोन मुलगे आहेत. दोघं इस्राएलातच वाढले, दोघांचं मराठी आईकडून आलेलं, आणि म्हणून आईसारखंच भांडखोर. मागे मी महिनाभर त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं आणि आम्ही तिघं भर बाजारात उपाशी फिरत राहिलो. तिथे हॉटेलांच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो, की इथलं अन्न काशेर आहे, म्हणजे आमच्या ज्यू धर्माच्या नियमांत बसणारं आहे. थोरला तो कागद नीट वाचल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. धाकट्याला तोच कागद दिसला की तो तिथूनच मागे फिरतो. माझ्या ताटात काय पडावं हे धर्मवाल्यांनी ठरवायचं काही कारण नाही, म्हणतो. एकाला चालेल ते दुसऱ्याला चालेना. शेवटी मी एका बाकावर बसकण मारली आणि म्हटलं, "बाबांनो, मला साखरेचा त्रास आहे. चक्कर येऊन पडायच्या आत काय ते एकमत करा." मग दोघं धावत जाऊन केळी घेऊन आले. केळ्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. केळं सोलता सोलता मला हसू आवरेना, आणि मावशीचं डोकं फिरलं की काय म्हणून ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना काय सांगणार, ही दोन माणसं मी लहानपणीच बघितली होती. एक माझे बाबा आणि दुसरा माझा मोशेमामा.

आम्ही बेने इस्राएल. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालवून तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, एवढीच लोकांना आमची ओळख. बाबा कोयनेच्या वीजघरात फिटर म्हणून लागले आणि आम्ही डोंगर चढून कोयनानगरात आलो. कॉलनीत सगळ्या मुलखाची माणसं होती, पण आमच्यातलं घर एकच, आमचंच. देऊळ होतं, मशीद होती, आमचं काहीच नव्हतं. त्यामुळे गणपतीला आम्ही आरतीत, ईदेला शिरखुर्म्यात आणि आमच्या सणाला सगळी कॉलनी आमच्या ओट्यावर. आईने पोहे, खोबरं, गूळ कालवून मलिदा केला की पोरं रांग लावायची. धर्म म्हणजे कुठल्या दिवशी कुणाकडे खायला मिळतं त्याची माहिती, अशी माझी तेव्हाची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती अजून फारशी बदललेली नाही.

आईचं नाव हन्ना. प्रकल्पावर एकटे राहणारे बाप्ये खूप, घरच्या जेवणाला आसुसलेले, म्हणून तिने एसटी थांब्यासमोरच्या आमच्या राहत्या घरातच खानावळ काढली. पुढे बाकं-टेबलांची एक खोली, आत चुलीचं स्वयंपाकघर, मागे पत्र्याची पडवी. सकाळपासून भाकऱ्या थापल्याचा थपथप आवाज यायचा, तो ऐकत मी गृहपाठ करायची. तिचा झुणका तर असा, की घाटाखालून ट्रक घेऊन येणारे ड्रायव्हर आधी हन्नामावशीचं दार उघडं आहे का बघत. झुणका ती कढईत करत नसे. भाकऱ्या झाल्या की त्याच लोखंडी तव्यावर तेल सोडून कांदा परतायची आणि वरून बेसन भुरभुरायची. तव्याला धरलेल्या कडक खरपुडीसाठी माणसं भांडत. माझ्या हातून तसा झुणका आजवर झालेला नाही. मिरजेत चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, हजारो सुया टोचल्या, पण तो तवा काही मला वश झाला नाही.

बाबांना देवाधर्माचं वावडं. आवाज मोठा, छाती मोठी, आणि मतं त्याहून मोठी. "देव असलाच तर त्याला डोंगराएवढी कामं पडलीत. तो माझ्या ताटात कशाला डोकावेल?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गावोगावच्या जत्रांना त्यांना आमंत्रण असे आणि ते प्रत्येक पंगतीला मांडी ठोकून बसत. मोशेमामा म्हणजे बरोबर उलटं टोक. आईचा एकुलता एक भाऊ, अलिबागकडच्या गावात राहायचा, उंच, किडकिडीत, डोक्यावर सदा काळी टोपी. तो शोहेत होता, म्हणजे आमच्या नियमाने जनावर कापणारा. सुरीची धार तो अंगठ्याच्या नखावर फिरवून बघायचा, आणि नखाला पुसटशी खाच लागली तरी सुरी बाजूला ठेवायचा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, तो आमच्याकडे यायचा आणि येताना स्वतःचं जेवण घेऊन यायचा. ॲल्युमिनियमच्या डब्यात चपात्या, भाजलेले चणे, नारळाच्या वड्या, आणि मला एका पिशवीत खजूर. आमच्या घरात तो फक्त कोरा चहा प्यायचा, तोही काचेच्या पेल्यात, कारण काच म्हणे काही शोषून घेत नाही. साऱ्या गावाला जेवू घालणाऱ्या बहिणीच्या खानावळीत बसून हा माणूस आपला शिळा डबा खायचा, आणि आई हातात पळी घेऊन दारात उभी राहून ते बघायची. त्या दिवशी आमटीत मीठ हमखास जास्त पडायचं.

तिला ते का लागायचं हे मला कळलं ते नळावर. आजी-आजोबा कधीच गेले होते, माहेर म्हणून उरला तो हा एकच भाऊ. कॉलनीतल्या बायकांचे भाऊ भाऊबीजेला यायचे, पोटभर जेवायचे, ढेकर द्यायचे. भाऊबीज आमच्यात नसते, पण चारचौघींत राहणाऱ्या बाईच्या मनातून ती जाणार कशी? शेजारच्या पारूकाकू एकदा नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हन्ना, तुजा भाऊ तुज्या हातचं जेवत न्हाई व्हय गं? काय भांडान-बिंडान हाय का?" आई म्हणाली, "भांडण कसलं? चहा पितो की." आणि कळशी अर्धी भरलेली असतानाच उचलून चालायला लागली. मी मागून धावतेय, पाणी डचमळतंय, आणि तिचे डोळेही तसेच भरलेले. त्या दिवाळीला तिने मामाला सरळच विचारलं, "मोशे, मी काय केलं म्हणजे तू माझ्याकडे जेवशील?" मामाने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "दूध आणि मटण वेगळं कर. चुली वेगळ्या, भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या. जुनी भांडी आगीत तापवून घेऊ. बोकड मी कापीन. पुढच्या वर्षी येईन तेव्हा पोटभर जेवीन तुझ्याकडे."

आईने ते वर्ष अक्षरशः कामाला जुंपलं. आमच्यात मटणाशी दूध, दही, तूप लागू द्यायचं नाही हा मोठाच नियम. घरी आई तो आपल्यापुरता पाळायची, पण खानावळीच्या धबडग्यात कुठलं काय राहणार? आता तिने चहा, दूध, ताक सगळं मागच्या पडवीत हलवलं आणि आतली चूल मटणाला राखली. दुधाच्या पळ्यांना निळी दोरी बांधली. गिऱ्हाइकांनाही शिस्त लागली, मटणावर कुणी दही मागितलं तर दुसरंच गिऱ्हाईक दटावायचं, "गप रं, हितं चालत न्हाई ते." माणसांना काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो एकट्या बाबांना. दोऱ्या बघून म्हणाले, "पळ्यांनासुद्धा जानवं घातलंस की गं!" आई हसली नाही. मग ते चिडले. "माझ्या घरात काय शिजायचं ते अलिबागहून ठरणार असेल तर मी आपला कँटीनमध्ये जेवीन." आई म्हणाली, "जेवा की. कोण अडवतंय?" दोघंही हट्टी, दोघंही शब्दाचे पक्के. झालं! दसऱ्यापासून बाबा खरोखरच वीजघराच्या कँटीनमध्ये जेवायला लागले. आईसाठी पाणी भरायचे, लाकडं फोडून द्यायचे, झोळीतल्या धाकटीला झोका द्यायचे, आणि जेवायची वेळ झाली की चपला घालून निघायचे. कॉलनी हसून हसून लोळली.

बाबांचे मित्र होते सुभेदार तात्या. फौजेतून निवृत्त झालेले, पाटणकडच्या गावचे मराठे, मिश्या अजून ड्यूटीवर असल्यासारख्या. ते खानावळीचे रोजचे. बाबांना भर रस्त्यात म्हणायचे, "आवं दानूभाऊ, बायकू खानावळ चालवती आन् तुमी क्यांटीनात पानचट उसळ वरपताय? लाज वाटाय पायजे गड्या!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, तात्या."

"तत्त्व काय तोंडी लावताय व्हय उसळीला? आमच्या पलटणीत हलालची रांग येगळी, झटक्याची येगळी. ज्यानं त्यानं आपल्या रांगंत हुबं ऱ्हायाचं आन् मुकाट खायाचं. तुमी तर रांगच सोडून चालला!"

बाबा मग आणखी ताठ व्हायचे. आता विचार करते तेव्हा आईच्या वाट्याला काय आलं होतं ते ध्यानात येतं. भाऊ जेवायचा नाही, कारण घर पुरेसं काशेर नाही, आणि घर काशेर करायला घेतलं तर नवरा जेवायचा नाही. बाई मधल्या मधे तवा घेऊन उभी.

दिवाळीत मामा आला, डबा घेऊनच आला, पण या वेळी डबा लहान होता. आईने तो हातात तोलून बघितला आणि तिला काय आनंद झाला! दुसऱ्या दिवशी कल्हईवाले उस्मानचाचा खानावळीसमोरच्या झाडाखाली भट्टी मांडून बसले. ते दर दिवाळीला साताऱ्याहून यायचे. मी भाता ओढायला बसले. आईचं मोठं तांब्याचं पातेलं, ज्यात साऱ्या खानावळीचं मटण शिजायचं, ते निखाऱ्यांवर फिरायला लागलं, नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांत गेला. मामा केरसुणीची एक काडी घेऊन शेजारी उकिडवा बसला होता. पातेलं चांगलं तापलं की बाहेरून काडी टेकवून बघायची. काडी जळली म्हणजे भांड्यात जुनं काही राहिलं नाही, असा आमच्या शास्त्राचा हिशेब. उस्मानचाचा बघून बघून शेवटी म्हणाले, "मामा, केरसुणी कशाला जाळताय? बाई बगंल तर आपल्या दोगांस्नी बी त्याच केरसुणीनं झोडंल." मामाने कारण सांगितलं. चाचांनी मान डोलावली. "असंय व्हय? मग थांबा, आनकी दोन भाते मारतो. जळूंद्या चांगली." काडी चरचरून जळली, वर कथील फिरलं, आणि पातेलं आतून चांदीसारखं झालं. दारातून आई ओरडली, "मोशे, झालं ना रे मनासारखं?" मामा म्हणाला, "झालं. उद्या जेवतो." एवढं सगळं चाललेलं बाबांनी ओट्यावर बसून बघितलं आणि नंतर कँटीनला गेले.

दुसरा दिवस भाऊबीजेचा. उजाडताच मामाने बोकड कापला, आतडी-फुप्फुसं तपासली, आणि काही दोष नाही म्हणून हसला. मामाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं असेल. मागच्या तंगड्या आमच्यात सहसा खात नाहीत, त्यातली नस काढणं फार जिकिरीचं, म्हणून त्या तात्यांना दिल्या. तात्या खूश. आईने बाकीचं मटण आधी पाण्यात भिजवलं, मग रक्त निथळावं म्हणून खडेमीठ लावून तिरप्या फळीवर ठेवलं. ते बघून तात्या घाबरेघुबरे. "आवं वैनी, मटान हाय का कैरी? लोणचं घालताय काय?" आई हसली, तिचं सकाळपासून चाललेलं हसणं थांबतच नव्हतं. तंगड्या घरी पोचवून तात्या परत आले आणि मामाला धरण दाखवायला घेऊन गेले. रोजची मंडळी दुपारी जेवायला यायची होती, उस्मानचाचांनाही बोलावलं होतं. "तुमी कापल्यालं आमाला चालतंय," असं ते मामाला म्हणाले होते. घरभर वाटणाचा वास सुटला होता. खोबरं, कोथिंबीर, खसखस, भाजलेला कांदा. मी झोळीला झोका देत नुसती वास घेत होते.

कोयनेत जमीन हलते. लहानसहान धक्क्यांचं आम्हाला काही वाटत नसे, पण अंगाला सवयी लागलेल्या होत्या. घराघरांत फळ्यांच्या कडेला पट्टी ठोकलेली, भांडी घरंगळू नयेत म्हणून. आणि प्रत्येकाची कामं ठरलेली. धक्का आला की मी झोळी धरायची आणि आईने चुलीवरचं भांडं. तिकडच्या बायकांचे हात आपोआप चुलीकडे जात, कारण उकळतं कालवण अंगावर सांडून भाजलेली मुलं सगळ्यांनी बघितलेली. त्या दिवशी झालं ते असं. मागच्या पडवीत मांजर शिरलं आणि दुधाच्या पातेल्याभोवती घोटाळायला लागलं. बाबा तिथे लाकडं रचत होते. सगळं घर कामात, मांजर पुन्हा पुन्हा येतंय, म्हणून त्यांनी दुधाचं पातेलं उचललं आणि आत आणून चुलीवरच्या उंच फळीवर ठेवलं. आपण काही तरी सांभाळून ठेवलं, एवढंच त्यांच्या मनात. त्या फळीची पट्टी दिवाळीच्या सफेदीसाठी काढलेली आणि पुन्हा ठोकायची राहून गेलेली. आईची पाठ होती, ती मटणाच्या पातेल्याचं झाकण काढून वाटण घालत होती.

आधी आवाज आला, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा. मग भांडी किणकिणली. मी झोळी धरली. आईने पदराने पातेल्याचे काठ घट्ट धरले, अगदी जागच्या जागी, जराही हलू दिलं नाही. आणि वरच्या फळीवरचं दुधाचं पातेलं कललं आणि दूध सगळंच्या सगळं, सायीसकट, त्या घट्ट धरलेल्या पातेल्यात ओतलं गेलं. पातेलं सोडून दिलं असतं तर दूध कदाचित बाजूला पडलं असतं. धक्का संपला. रस्सा आपला रटरट शिजतच होता, जरासा फिकट झालेला, बस.

आई तशीच उभी होती, पदर काठाला. मग हळूच खाली बसली. बाबा दारात आले, रिकामं पातेलं जमिनीवर बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच भीती वाटली. "हन्ना, मी ठेवलं होतं ते. मांजर होतं म्हणून," ते म्हणाले. आई रागावली नाही, रडलीही नाही. पातेल्यात बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, ओळखू येत नाहीये. नारळाचं दूध घातलं की असाच रंग असतो. कुणीच बघितलं नाही. आपण तिघंच. वर्षभर केलं हो मी हे. एक दिवस जेवू दे त्याला माझ्याकडे. त्याला नाही कळणार."

मला वाटलं, बाबा हो म्हणणार. म्हणायलाच हवं होतं त्यांनी! यात काही नसतं, हेच तर जन्मभर सांगत आले होते. वर चूक त्यांची. गप्प बसायला याहून चांगलं कारण कुठलं? बाबा चुलीपाशी गेले, लाकडं मागे ओढली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि आईसमोर उकिडवे बसले. "हन्ना, मी मानत नाही. पण तो मानतो गं. माझ्या ताटात कुणी डोकावलेलं मला खपत नाही, मग त्याच्या ताटात मी त्याला नको ते कसं घालू? त्याला न सांगता? तू पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने त्याला जेव म्हणशील?" तेव्हा आई रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी इथे खरं लिहिते, मी त्यांना तसं करताना पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मग ते उठले, चपला घातल्या आणि मामाला गाठायला धरणाच्या रस्त्याने निघाले. मीही मागे पळाले.

वळणावर मामा आणि तात्या येताना दिसले. बाबांनी काही प्रस्तावना केली नाही. "मोशे, मटणात दूध पडलं. फळीवर मी ठेवलं होतं." मामाने विचारलं, "उकळत होतं?" "हो." "दूध किती?" "सगळं." मामाने टोपी काढली, पुसली, परत घातली. "मग नाही चालत," म्हणाला. पहाटेपासून राबला होता तो, आणि सांगायला कुणाला जायचं, त्याला भूकही लागली असणार. थोडं चालल्यावर तो थांबला. "दानियल, तू सांगितलं नसतंस तर मी खाल्लं असतं."

"हो."

"आणि आवडलं असतं. हन्नाच्या हातचं आहे."

"फारच आवडलं असतं," बाबा म्हणाले, आणि दोघं एकदम हसायला लागले. तात्या बिचारे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतायत. "आवं, काय झालं ते मला बी सांगा की!"

सांगितलं तेव्हा तात्यांना आधी पटेना. कारण आमच्यात दूध-मटण एकत्र शिजलं तर ते दुसऱ्याला देताही येत नाही, विकता येत नाही, कुत्र्याला घालता येत नाही. पुरावंच लागतं. मागच्या उतारावर बाबांनी खड्डा खणला, शेवटी तात्यांनीही फावडं घेतलं, आणि प्रत्येक फावड्याला हळहळले. "आरारारा, काय वास सुटलाय बगा! असली मौत मी कारवाईत सुदिक बगितली न्हाई!" जेवायला आलेली माणसं उतारावर ओळीने उभी, टोप्या हातात, मयताला जमल्यासारखी. पातेल्याची कल्हई एका दिवसात वाया गेली म्हणून उस्मानचाचा तेवढे खुशीत होते. "काय न्हाई, परत तापवू. काडी तेवडी मामांनी द्यायची."

आता खायचं काय? आई तोंड झाकून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलेली. मामा पहिल्यांदाच आत गेला, इकडे तिकडे बघितलं, आणि खुंटीचा लोखंडी तवा उतरवला. "हन्ना, यावर कधी दूध आलंय?" आईने मान हलवली. "मटण?" पुन्हा नाही. "तूप?" "तेलच वापरते मी, तुला माहीत आहे." मामाने तवा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मग मला झुणका-भाकरी वाढ. पण इथे नको, या चुलीवर ते शिजलंय. बाहेर तीन दगड मांडू." झाडाखाली, चाचांच्या भट्टीशेजारी, नवी चूल मांडली. आई काडेपेटी घेऊन वाकली तशी मामाने तिला थांबवलं आणि काडेपेटी बाबांपुढे धरली. "दानियल, चूल तू पेटव."

"मी? अरे, मी कसलं काही मानत नाही."

"तू मानू नकोस. पेटव."

बाबांनी काडी ओढली, ती विझली. दुसरी धरली. आईने पीठ मळलं आणि ती ओळखीची थपथप सुरू झाली, मोकळ्यावर, सगळ्यांच्या देखत. मी कांदा चिरला आणि त्या निमित्ताने यथेच्छ रडून घेतलं.

तेवढ्यात तात्यांनी बाबांना बाजूला घेतलं. कुजबुजायचं म्हणून, पण फौजेतला आवाज तो, सगळ्यांना ऐकू गेला. "दानूभाऊ, माज्याकडं तंगड्या हायत की! घरी रस्सा तयार हाय, कारभारणीनं सकाळीच चुलीवर घातलाय. तुमाला कसली अडचण? तुमी हितलं खात न्हाईच. चला, गुमान दोगं जाऊन हाणून येऊ." आईचे थापते हात थांबले, पण तिने मान वर केली नाही. मामा दुसरीकडे बघत होता. मटण म्हणजे बाबांचा जीव की प्राण, आणि कँटीनचं खाऊन तोंड विटलेलं. बाबा तव्याकडे बघत राहिले, कांदा लाल व्हायला आला होता. मग त्यांनी चपला काढल्या, झाडाखाली मामाच्या शेजारी मांडी घातली आणि म्हणाले, "तात्या, खरपुडी मला पाहिजे. आधीच सांगून ठेवतो." "मग तंगड्या जाऊंद्या चुलीत," तात्या म्हणाले आणि तेही बसले.

मामाने हात धुतले, भाकरीवर ब्राखा म्हटला, म्हणजे आमची आशीर्वादाची प्रार्थना, आणि पहिला तुकडा मिठाला लावून तोंडात घातला. आई समोर उभी होती, निळी दोरी नसलेली पळी हातात. तो चावत होता आणि ती बघत होती. गिळल्यावर तो म्हणाला, "आईच्या हातासारखा झालाय." बस, एवढंच. पुढे त्याने किती भाकऱ्या खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही. खरपुडीवरून मामा आणि बाबांचं भांडण झालं, मिटलं, पुन्हा झालं. काशेर म्हणजे नक्की काय यावरून तर आयुष्यभर झालं. बाबा शेवटपर्यंत आमच्या प्रार्थनामंदिरात गेले नाहीत आणि मामा शेवटपर्यंत बाबांना बावळट म्हणत राहिला, पण त्या दिवसानंतर मामाने कोयनेला येताना डबा कधीच आणला नाही, आणि बाबांच्या पायांनी कँटीनचा रस्ता सोडला.

या दिवाळीला माझे दोघे भाचे मिरजेला येतायत. थोरल्याने आधीच फोनवर विचारलं, "मावशी, तुझ्याकडची भांडी कशी आहेत?" धाकट्याने मागून ओरडून सांगितलं, "त्याच्यासाठी काही सोवळंओवळं केलंस तर मी हॉटेलात जेवीन." मी दोघांनाही बरं म्हटलं. काल बाजारात जाऊन नवा लोखंडी तवा आणलाय, तेल लावून तापवत ठेवलाय. झुणका आईसारखा होणार नाही हे मला माहीत आहे. पण चूल, म्हणजे गॅस, मी धाकट्याला पेटवायला लावणार आहे.

त्या वेळच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर नळावर गेले होते. बायकांना सगळी बातमी लागलेली होतीच, पुरलेल्या मटणाची हळहळ कॉलनीभर पसरली होती. तरी पारूकाकूंनी विचारलंच, "काय गं हन्ना, एवडं करून जेवला का तुजा भाऊ?" आईने कळशी नळाखाली लावली, काठोकाठ भरेपर्यंत थांबली, आणि उचलताना म्हणाली, "दोघंही जेवले."